कृष्णाबाईसुकेळी डॉट कॉम कोणाच्या नावावर

मृत्युपत्र लिहून ठेवणार: श्रीमती कृष्णाबाई हरेश्वर घरत, वय वर्षे एकाहत्तर, धंदा सुकेळी करून विकणे, राहणार वटार, तालुका वसई, जिल्हा पालघर.

मी वर नाव दिलेली कृष्णाबाई आज माझ्या राहत्या घरी, खुर्चीत ताठ बसून, चष्मा लावून, सगळं समजून उमजून हे लिहून ठेवते. मला कोणी भरीस घातलेलं नाही, कोणी धाक दाखवलेला नाही, कोणी गोड बोलून सही मागितलेली नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात रक्तदाब जास्त असल्याचं लिहिलं आहे. तो आजारपणाचा नाही, माझ्या मुलाचा आहे, हे मी डॉक्टरांनाही सांगितलं.

हे टंकलिखित करणाऱ्या ॲडव्होकेट क्षितिजा सावे यांचं म्हणणं असं की मृत्युपत्रात राग लिहू नये. उद्या कोर्टात कोणी उभा राहील आणि म्हणेल की बाईंचं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी त्यांना सांगितलं की डोकं ठिकाणावर आहे म्हणूनच राग आहे, आणि मी बोलते तसं लिहा, नाहीतर दुसरा वकील बघते. त्या बिचाऱ्या लिहीत आहेत. तरी पुढच्या मजकुरात जिथे राग दिसेल तो शुद्धीतला राग समजावा.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी माझ्या सहीचा दुसरा कागद दाखवला तर तो खोटा आहे.

कलम १. वारस.

माझे पती हरेश्वर घरत वारले. मला दोन मुलं. थोरला कल्पेश, विरारला फ्लॅटमध्ये राहतो. धाकटी जागृती, सांडोरला दिलेली, पण सकाळी नवऱ्याला डबा देऊन स्कूटरनं वटारला येते आणि माझ्याबरोबर सुकेळी घालते. या दोघांशिवाय माझ्या मिळकतीत कोणाचा हक्क नाही. माझे धाकटे दीर चंद्रहास घरत शेजारच्याच घरात राहतात आणि आमच्या घरातल्या प्रत्येक गोष्टीत बोलतात. बोलण्यानं हक्क येत नाही, म्हणून तेही लिहून ठेवलं.

कलम २. वटारचं घर.

राहतं घर, पुढची पडवी, मागचं अंगण आणि विहीर. हे घर सुकेळीच्या कमाईतून उभं राहिलं आणि घरपट्टीला पहिल्यापासून माझं नाव आहे. तेव्हा चंद्रहास भावजी म्हणाले होते की बाईमाणसाच्या नावावर घर कशाला. हरेश्वर त्यांना म्हणाले, "केली कोन सोलतं? तू सोलतंस का?" त्यावर भावजी उठून गेले. हरेश्वर फार बोलायचे नाहीत, पण बोलले की कामाचं बोलायचे.

हे घर मी कल्पेश आणि जागृती दोघांना सारखं देते. कल्पेशला अर्धं कशाला, असं जागृतीची सासूसुद्धा विचारील. त्यानं माझं काय केलं ते पुढे लिहिते, पण तो माझ्या पोटचा आहे आणि त्याला मी बिनछपराचा ठेवणार नाही. अट एवढीच की जागृती सुकेळी घालते तोवर घर किंवा अंगण विकता येणार नाही, बिल्डरला दाखवताही येणार नाही. मागच्या अंगणात सुकेळीचा मांडव आहे. त्याच्यावर दिवसभर ऊन पडतं, आणि शेजारी चार मजले चढले की ते ऊन जातं. कल्पेशला ऊन म्हणजे फुकट मिळणारी गोष्ट वाटते.

कलम ३. वाडी.

वाडीतला स्वतःचा वाटा कल्पेशनं बापाच्या वर्षश्राद्धाआधीच मागून घेतला आणि विकला. तो त्याचा हक्क होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. उरलेली वाडी, ज्यात राजेळी केळी आहेत, ती माझ्या आणि जागृतीच्या नावावर आहे. त्यातला माझा हिस्सा मी जागृतीला देते. कल्पेशला राजेळी आणि बसराई केळीतला फरक विचारावा. सांगता आला तर मी हे कलम बदलायला तयार होते, पण त्यानं प्रयत्नही केला नाही.

कलम ४. बँकेतली ठेव.

दोघांना सारखी. फॉर्मवर नॉमिनी म्हणून कल्पेशचं नाव आहे, कारण खातं उघडलं तेव्हा मुलाचंच नाव घालायची पद्धत होती. क्षितिजाबाई सांगतात की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो नुसता सांभाळणारा; पैसे हातात घेऊन त्यानं वारसांना द्यायचे. हे मला आवडलं. कल्पेशनं हे कलम दोनदा वाचावं.

कलम ५. उमेळ्याचं माहेर.

तिथलं माझं काही नाही. वडील गेल्यावर भावांनी मला बोलावलं, जेवू घातलं, पाटावर बसवलं, साडी दिली आणि हक्कसोडीच्या कागदावर सही घेतली. सगळ्या बहिणी देतात, मीही दिली. आज तिथे बागेच्या जागी इमारत आहे आणि भाऊ तिच्यात राहतात. सही केली तेव्हा मला राग आला नव्हता. तो नंतर आला, आणि आला तो गेला नाही. मृत्युपत्रात असलेलं लिहितात, मी नसलेलंही लिहिते, म्हणजे माझ्या मुलीला कळावं की ते कसं गेलं.

कलम ६. कृष्णाबाईसुकेळी डॉट कॉम हे नाव.

हे कलम लांब आहे. क्षितिजाबाईंनी चहा मागवला आहे.

सुकेळी म्हणजे पिकलेली राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, केळीच्याच सुक्या पानात बांधलेली. ही माझ्या सासूची विद्या. पण पुड्यावर नाव माझं, कारण दादर-गिरगावचे लोक "कृष्णाबाईंची सुकेळी आली का" असंच विचारू लागले. जाहिरात कधी केली नाही. मग जागृतीनं डोकं चालवलं की वेबसाइट करू, लोक घरबसल्या मागवतील. वेबसाइटला एक नाव विकत घ्यावं लागतं, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता. तो कायमचा मिळत नाही. मुदतीपुरता मिळतो आणि मुदत संपण्याआधी पुन्हा पैसे भरून चालू ठेवायचा असतो.

पडवीत बसून जागृती फॉर्म भरत होती. मालकाचं नाव काय घालू, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, तुझंच घाल, तूच सगळं करतेस. तेवढ्यात चंद्रहास भावजी आले. त्यांना फोनमधलं काही कळत नाही, पण नावाचं सगळं कळतं.

"वैनी, नाव पोराचंच टाका," ते म्हणाले. "जागू उद्या लगीन होऊन सांडोरला जाईल. सातबाऱ्याला नाय का थोरल्याचंच नाव असतं? तरी जमीन सगल्यांचीच असते ना?"

आमच्याकडे हे असंच चालतं. बाप गेला की सातबाऱ्याला थोरल्याचं नाव लागतं, एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून. त्या एका नावामागे सगळी भावंडं असतात आणि गावाला ते ठाऊक असतं. तलाठ्यालाही ठाऊक असतं. म्हणून कोणाला वावगं वाटलं नाही. जागृतीनं मालक म्हणून कल्पेशचं नाव घातलं, ईमेल कल्पेशचा, मोबाइल कल्पेशचा, पत्ता विरारच्या फ्लॅटचा. पैसे सुकेळीचे आणि कष्ट जागृतीचे, पण ते लिहायला फॉर्ममध्ये जागा नव्हती. भावजींनी पेढा मागितला.

जिथे हे नाव नोंदवतात त्या कंपनीला वटार ठाऊक नाही. तिला एकत्र कुटुंब कळत नाही, कर्ता कळत नाही, नावामागे कोण उभं आहे ते दिसत नाही. फॉर्मवर जो मालक तोच मालक. खात्याचा पासवर्ड ज्याच्याकडे, त्याचा शब्द चालणार. बँकेचा नॉमिनी सांभाळणारा असतो, सातबाऱ्याचा कर्ता सांभाळणारा असतो, पण इथे नाव घातलं तो धनी. हे आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्ही कोणाला विचारलं नाही.

बरीच वर्षं नीट चाललं. मग कल्पेशला मोठा फ्लॅट हवा झाला आणि त्यानं ते नाव एका व्यापाऱ्याला विकलं. त्या व्यापाऱ्याचं नाव मी माझ्या मृत्युपत्रात घालणार नाही, त्याला तेवढा मान नको. तो केळी भट्टीत वाळवतो आणि साखरेच्या पाकात बुडवतो. मला कळलं कसं, तर दादरच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा फोन आला. "कृष्णाबाई, या खेपेला काय झालं हो? रबर चावल्यासारखं लागतंय." मी त्यांना काही पाठवलंच नव्हतं. त्यांनी खोक्याचा फोटो पाठवला. खोक्यावर माझा फोटो होता, हिरव्या साडीतला, हरेश्वरांनी काढलेला.

वेबसाइट गेली तशी पत्रव्यवहाराची वाटही गेली. आमचा ईमेल त्याच नावाचा होता. लोक मला लिहीत होते आणि त्यांची पत्रं त्या व्यापाऱ्याच्या दुकानात उघडली जात होती. लोकांनी शिव्या मला दिल्या. माझं नाव घेऊन तो विकत होता आणि माझ्या नावानं मला बाजारात तोंड दाखवायला जागा उरली नव्हती. पुढच्या हंगामात आम्ही निम्मी केळी पिकू दिली आणि बाजारात तशीच, न वाळवता, विकली.

मी कल्पेशला बोलावलं. तो आला, पंख्याखाली बसला आणि म्हणाला, "मम्मी, माझ्या नावावर होतं, मी विकलं. लीगल आहे सगळं. आणि तुला कशाला टेन्शन, तुझं वय झालं आता." मी विचारलं की ज्या नावाच्या कमाईवर तुला शाळेत घातलं ते नाव तुझं कसं झालं. त्यावर तो फोन बघायला लागला. मला तेव्हा त्याच्या कानाखाली वाजवायची होती. वाजवली नाही, याचा पश्चात्ताप आहे आणि तो मी इथे नोंदवते.

वकिलांनी सांगितलं की तक्रार करता येईल, पण तुमच्या नावाचा ट्रेडमार्क नोंदलेला नाही, तेव्हा पुरावे गोळा करा. आम्ही जुने पुडे, जुन्या पावत्या, गिऱ्हाइकांची पत्रं गोळा करायला लागलो. तेवढ्यात देवानं नव्हे, त्यांच्याच गाढवपणानं आमचं काम केलं. कल्पेशनं व्यापाऱ्याला विकताना नुसता पासवर्ड सांगितला होता आणि हातावर हात मारला होता. मालक म्हणून नाव कल्पेशचंच राहिलं, ईमेल त्याचाच राहिला, आणि आपोआप पैसे भरायला जे कार्ड जोडलं होतं ते त्यानं कधीच बंद केलं होतं. मुदत संपत आल्याच्या सूचना त्या ईमेलवर येत राहिल्या आणि तो ते खातं उघडतच नव्हता. व्यापाऱ्याला वाटलं कल्पेश बघेल, कल्पेशला वाटलं आपला संबंध संपला. एके दिवशी वेबसाइट बंद पडली.

जागृती त्याच्यावर डोळा ठेवून होती. मुदत संपली तरी नाव लगेच सुटत नाही. जुन्या मालकाला सोडवून घ्यायला काही काळ देतात. त्या काळात माझी झोप उडाली होती. कोणी सोडवलं नाही. सुटल्याबरोबर आपल्याला मिळावं म्हणून तिनं आधीच नोंद करून ठेवली होती, आणि ते मिळालं. ती स्कूटर अंगणात लावायच्या आधीच ओरडली, "आये, तुझं नाव घरी आयलं." मी म्हटलं, आता तुझ्या नावावर घाल. ती ऐकेना. नाव तुझं आहे, मालकही तूच, असं म्हणून तिनं माझं नाव घातलं. हट्टी आहे, माझ्यावर गेली आहे.

हे विरारला कळलं. कल्पेश आला तो ताटात साडी घेऊन आणि खिशात टाइप केलेला कागद घेऊन. कागदावर लिहिलं होतं की आईच्या पश्चात वेबसाइट, तिचं नाव आणि त्या नावाचा धंदा यांवर जागृतीचा काही हक्क राहणार नाही आणि ती राजीखुशीनं सोडत आहे. चंद्रहास भावजी मागे उभे होते. "बहिनी देतातच सही," ते म्हणाले, "घरचं नाव घरात ऱ्हावं." जागृतीनं माझ्याकडे पाहिलं. तिनं पेन हातात घेतलं असतं तर मला उमेळ्याच्या पाटावर पुन्हा बसवल्यासारखं झालं असतं. मी तो कागद चुलीत घातला आणि साडी नेऊन त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली.

सबब, कृष्णाबाईसुकेळी डॉट कॉम हे नाव, त्याच्याबरोबर घेतलेलं डॉट इनचं नाव, त्यावरचे सगळे ईमेल, फोटो, मजकूर आणि ट्रेडमार्कसाठी केलेला अर्ज, हे सगळं मी माझ्या पश्चात माझी मुलगी जागृती हिला एकटीला, पूर्ण मालकीनं देते. तिच्या नवऱ्याला नाही, सासऱ्याला नाही, तिच्या होणाऱ्या मुलाला आधीपासून नाही. तिला. ती देईल त्याला पुढे मिळेल.

कलम ७. नाव कसं सांभाळायचं.

हे जागृतीला ठाऊक आहे, पण माणूस सुखात असला की विसरतो, म्हणून लिहिते.

मालकाच्या जागी नेहमी खऱ्या मालकाचं नाव असावं. पाहुण्याचं नको, वेबसाइट करून देणाऱ्या पोराचं नको, कर्त्याचं तर अजिबात नको. पत्ता किंवा फोन बदलला तर त्याच आठवड्यात तिथेही बदलावा. खात्याला जो ईमेल जोडायचा तो या नावाचा असू नये. नाव गेलं की तो ईमेलही जातो, मग परत मागायला तोंड कुठून काढणार? त्यासाठी वेगळा ईमेल ठेवावा आणि त्याचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नये. कल्पेशचा सगळीकडे एकच पासवर्ड होता, तोही त्याच्या मोटरसायकलचा नंबर.

मुदत एकदम बऱ्याच वर्षांची भरावी. आपोआप पैसे भरायची सोय चालू ठेवावी, पण तिच्या भरवशावर झोपू नये. कार्डाचीही मुदत संपते. दिवाळीची साफसफाई काढली की नावाची तारीखही बघावी. मुदत संपतेय, आत्ता पैसे भरा, अशी पत्रं परक्या कंपन्यांकडूनही येतात. ती चोरांची असतात. त्यातल्या दुव्यावर बोट लावू नये, सरळ आपल्या खात्यात जाऊन बघावं.

नावाला कुलूप लावायची सोय असते, म्हणजे ते दुसऱ्या कंपनीत कोणी हलवू शकत नाही. ते कुलूप लावलेलं आहे आणि ते काढू नये. खात्यात शिरताना पासवर्डानंतर आणखी एक आकडा मागतात. तो माझ्या फोनवर मेसेजनं येतो. जागृती म्हणते, मेसेजचं खरं नाही, ॲपवर घेऊ. मी अजून तयार झाले नाही, कारण आकडा माझ्या फोनवर आला की मला वाटतं, दाराशी मी आहे. फोन हरवला तर उपयोगी पडतील असे सुटकेचे आकडे कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले आहेत. लॉकर माझ्या आणि जागृतीच्या नावानं आहे.

मी गेल्यावर माझा मोबाइल क्रमांक बंद करू नये आणि कोणाला देऊ नये. चंद्रहास भावजींना गेलेल्या माणसाचा फोन लगेच कोणाच्या तरी हातात द्यायची घाई असते. हरेश्वरांचा असाच दिला, आणि त्यांच्या नंबरवर भलत्याच माणसानं हॅलो म्हटलेलं मी ऐकलं आहे. जागृतीनं मृत्यूचा दाखला आणि या मृत्युपत्राची प्रत कंपनीला देऊन नाव आपल्याकडे करून घ्यावं, आणि ते होईपर्यंत माझ्या नंबरचं रिचार्ज करत राहावं.

कलम ८. मांडव आणि हत्यारं.

मांडवाचे बांबू, चटया, केळी सोलायच्या सुऱ्या आणि पानं भिजवायचं पिंप हे आमच्याकडे मजुरीला येणाऱ्या फ्लॉसी डाबरे हिला. वेबसाइट बुडाली होती तेव्हा ही बाई रोज येऊन बसली, मजुरी न मागता, आणि त्या व्यापाऱ्याला तिच्या बोलीत जे म्हणाली ते क्षितिजाबाई लिहायला तयार नाहीत. जागृतीला त्या वस्तू लागतील तेव्हा फ्लॉसीनं वापरायला द्याव्यात. ती देईल.

कलम ९. चंद्रहास भावजी.

माझ्या दहाव्याला त्यांनी यावं, जेवावं, पण घरातल्या कोणत्याही कागदावर कोणाचं नाव घालावं याबद्दल बोलू नये. बोलले तर आमचे शेजारी गॉडफ्रे लोपीस यांनी त्यांना हाताला धरून घरी पोचवावं. गॉडफ्रे तयार आहेत.

कलम १०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲडव्होकेट क्षितिजा सावे करतील. कल्पेशनं हरकत घेतली तर त्यानं आधी कोर्टात सांगावं की खोक्यावरचा फोटो कोणाचा होता.

वरचा सगळा मजकूर मला वाचून दाखवला, मी स्वतः पुन्हा वाचला, "सबब" सोडून सगळे शब्द माझे आहेत. खाली सही करते.

ठिकाण: वटार. दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५.

(सही) कृष्णाबाई हरेश्वर घरत

आमच्या डोळ्यांदेखत सही केली, बाई शांत होत्या, फक्त कलम सहाला आवाज चढला:

१. (सही) गॉडफ्रे लोपीस, शेजारी, वटार
२. (सही) उन्नती किणी, पोस्टातून निवृत्त, वटार


पुरवणी. त्याच दिवशी, त्याच जागी.

वर सह्या झाल्या. साक्षीदार चहा पीत होते. जागृती क्षितिजाबाईंसाठी पुडा बांधत होती. माझ्या फोनवर मेसेज आला, त्यात आकडा होता. मी काही केलं नव्हतं आणि जागृतीच्या हातात दोरा होता. म्हणजे दुसरं कोणीतरी कंपनीच्या पानावर जाऊन पासवर्ड विसरल्याचं कळवत होतं. माझा ईमेल ज्यांना ठाऊक आहे ते लोक थोडे आहेत. लाइट बिलाला तोच आहे, आणि ते बिल कल्पेशनं पाहिलेलं आहे.

मी जागृतीला हाक मारणार तेवढ्यात फोन वाजला. कल्पेश होता. गणपतीनंतर त्यानं मला फोन केला नव्हता. मी स्पीकर लावला, म्हणून साक्षीदारांनी आणि क्षितिजाबाईंनी पुढचं ऐकलं आहे.

"आये," तो म्हणाला. विरारला गेल्यापासून तो मला मम्मी म्हणतो. आज आये म्हणाला. "आये, तुझ्या मोबाइलवर एक नंबर आयला असंल बघ. बँकेचं काम हाय, तुझ्याच पेन्शनचं. पटकन वाचून दाखव ना."

मला पेन्शन नाही. कधीच नव्हती.

"तुला कोनी सांगितलं आज मी घरी हाय?" मी विचारलं.

"चंदूकाका बोलले, वकीलबाई आल्यात. आये, वेल जातो त्याचा, लवकर वाच."

मी आकडा वाचला नाही. मी त्याला विचारलं की जेवलास का. तो म्हणाला, "मम्मी, प्लीज, एक मिनिटाचं काम आहे." मी विचारलं की मुलांची परीक्षा कशी गेली. तो म्हणाला नंतर सांगतो, आधी नंबर. मी फोन ठेवला. जागृतीनं लगेच पासवर्ड बदलला आणि तो आकडा बाद झाला.

उन्नतीबाईंनी मला पाणी दिलं. त्यांना वाटलं मी रडेन. मी रडले नाही, मला इतका राग आला की पेला आपटून ठेवला आणि पाणी साडीवर सांडलं. मी मरेपर्यंत थांबायचीही त्याची तयारी नव्हती. माझी सही वाळायच्या आत, मी जिवंत असताना, माझ्याच तोंडून त्याला ते काढून घ्यायचं होतं, आणि त्यासाठी त्यानं लहानपणीची हाक वापरली. विकलेल्या वाडीबद्दल मी त्याला क्षमा करीन, विकलेल्या नावाबद्दलही कदाचित करीन. या हाकेबद्दल करणार नाही, निदान आज नाही.

तरी कलम दोन मी बदललेलं नाही. घराचा अर्धा भाग त्याचा आहे तो आहे. क्षितिजाबाईंनी दोनदा विचारलं, मी दोनदा तेच सांगितलं.

पण कलम सहा मी मरणासाठी राखून ठेवणार नाही. साक्षीदारांसमोर जागृतीनं तिचं आणि माझं दोघींचं संमतीपत्र भरलं. माझ्या ईमेलवर विचारणा आली, मी स्वतः बोट लावून होकार दिला. तिच्या ईमेलवर आली, तिनं दिला. थोड्या वेळानं पडद्यावर दोन्ही नावांच्या मालकाच्या जागी जागृतीचं नाव आलं, तिचं स्वतःचं, पुढे मागे कोणी कर्ता नाही. कंपनी म्हणते की यानंतर काही काळ हे नाव दुसरीकडे हलवता येणार नाही. तेवढंच बरं. तेव्हा ट्रेडमार्कचा अर्ज सोडून कलम सहामधलं देणं आज, माझ्या हयातीत, पुरं झालं आहे. आता ती माझी मिळकत राहिली नाही आणि माझ्या पश्चात त्यावर वारसाहक्क सांगायला कोणाला जागा नाही.

जागृतीचं मी ऐकलं. खात्याचा आकडा आता तिच्या फोनमधल्या ॲपवर येतो. माझा मोबाइल क्रमांक तिनं त्या खात्यातून काढून टाकला आणि मला दाखवला. सबब, मी गेल्यावर माझ्या नंबरचं रिचार्ज करत राहण्याबद्दल कलम सातमध्ये जे लिहिलं ते रद्द समजावं.

क्षितिजाबाईंनी हे कल्पेशला लेखी कळवावं: आईच्या फोनवर आता कसलाही आकडा येत नाही, तिच्याकडून मिळण्यासारखं काही उरलेलं नाही. हे कळल्यावरही त्यानं फोन केला, तर तो माझ्यासाठी केलेला असेल. मी हयात आहे तोवर फोन चालू ठेवीन.

ठिकाण: वटार. दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५.

(सही) कृष्णाबाई हरेश्वर घरत

साक्षीदार, ज्यांनी वरील फोन स्वतः ऐकला:

१. (सही) गॉडफ्रे लोपीस
२. (सही) उन्नती किणी